मॅकबेथची महत्त्वाकांक्षा आणि परतीची वाट



शेक्सपियरचे 'मॅकबेथ' नाटक वर्गात शिकविताना एक प्रश्न बहुधा दरवर्षी आमच्यापुढे येतो. चेटकिणींनी भविष्य सांगितले नसते, किंवा पत्नीने टोचून बोलून त्याला प्रवृत्त केले नसते, तर मॅकबेथच्या हातून राजहत्या घडली असती काय? प्रश्न योग्य आहे. परंतु त्याच्या मागोमाग दुसरा एक प्रश्न येतो, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. हत्या घडून गेल्यावर तरी मॅकबेथला मागे फिरता आले असते की नाही? या लेखात मुख्यतः त्याचाच विचार करावयाचा आहे.

हे नाटक सुमारे १६०६ साली रचले गेले आणि कवीच्या मृत्यूनंतर १६२३ च्या नाट्यसंग्रहात प्रथम छापले गेले. मराठीतही ते परके राहिलेले नाही, शि. म. परांजपे यांचे 'मानाजीराव' आणि वि. वा. शिरवाडकर यांचे १९५४ मधील 'राजमुकुट' ही त्याचीच रूपांतरे होत. मूळ कथानक कवीने हॉलिन्शेडच्या इतिहासग्रंथातून घेतले, परंतु त्यात दोन मोठे फेरफार केले. इतिहासातील डंकन राजा १०४० साली लढाईत मारला गेला, आणि मॅकबेथने पुढे १०५७ पर्यंत स्कॉटलंडवर राज्य केले. घरी उतरलेल्या निद्रिस्त राजाच्या खुनाची हकीकत हॉलिन्शेडने दिली आहे खरी, पण ती डफ नावाच्या वेगळ्याच राजाची. कवीने ती मॅकबेथच्या माथी आणून ठेविली. तसेच मूळ ग्रंथात बँको हा कटातील साथीदार आहे. नाटकात त्याला कटातून वगळले आहे. या दोन्ही फेरफारांमुळे मॅकबेथला कोणतीही सबब उरत नाही. तो रणांगणावर शत्रूला मारीत नाही, तर आपल्या घरी झोपलेल्या पाहुण्याला मारतो.

चेटकिणींचे भविष्य मॅकबेथ व बँको या दोघांनीही एकाच वेळी ऐकिले. त्यात खून करण्याची आज्ञा कोठेच नव्हती. बँकोच्या मनातही अभिलाषा चाळवली असावी, कारण रात्री झोपेत येणारे दुष्ट विचार आवरले जावेत अशी तो प्रार्थना करतो. मॅकबेथ मात्र त्या विचारांना आसन देतो. मोह दोघांनाही झाला. परंतु मोह होणे निराळे आणि त्याला घरात ठेवून घेणे निराळे. महत्त्वाकांक्षा हेच पातक, असे म्हणणे आम्हांस बरोबर वाटत नाही. शूर सेनापतीला मान हवा असावा यात वावगे काय? डंकन त्याला तो मान देतही होता. दुसऱ्याचे आहे ते आपले करावे, आणि त्यासाठी तो दुसरा नाहीसा झाला तरी चालेल, असे जेव्हा वाटू लागते, तेव्हा महत्त्वाकांक्षेचे पातक होते.

मॅकबेथ हे न समजून करीत नाही. मेजवानी सोडून तो एकटा बाहेर येतो आणि स्वतःशी विचार करतो. राजा आपला आप्त आहे, आपण त्याचे प्रजाजन आहो, आणि आज तर त्याचे यजमान आहो. मारेकऱ्याला दाराबाहेर ठेवणे हे यजमानाचे काम. शिवाय राजा सौम्य व निष्कलंक आहे. आपल्याजवळ महत्त्वाकांक्षेवाचून दुसरे कारणच नाही, असेही तो कबूल करतो. कोणत्याही उपदेशकाने यापेक्षा अधिक काय सांगितले असते? त्याच्या सदसद्विवेकबुद्धीने आपले काम चोख बजावले होते. पत्नीने भ्याड म्हणून हिणविताच त्याने तिचा निकाल फिरविला, एवढेच.

खुनानंतर पतिपत्नीच्या वाटा वेगळ्या होतात. प्रार्थनेच्या अखेरीचा 'आमेन' हा शब्द मॅकबेथच्या ओठांवर येत नाही. आपण झोपेचाच खून केला, असे त्याला वाटते. पत्नी म्हणते, थोड्या पाण्याने हात स्वच्छ होतील. परंतु पुढे तीच झोपेत चालू लागते, न दिसणारा डाग पुनःपुन्हा धुऊ पाहते, आणि रात्री दिव्यावाचून राहू शकत नाही. तिला पाहणारा वैद्य सांगतो की, हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज अधिक आहे. तिने मन दाबून ठेविले, ते अखेर फुटले. मॅकबेथचे उलट झाले. ज्याला प्रथम एका हाकेनेही धडकी भरत होती, त्याला शेवटी राजवाड्यातील स्त्रियांचा आक्रोश ऐकूनही भय वाटेनासे होते, आणि पत्नीच्या मृत्यूची वार्ता आली तरी रडण्याइतके मन उरत नाही. आमच्या मते त्याचा खरा अधःपात हा होय. मॅकडफच्या तलवारीने पडला तो केवळ देह.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हत्येच्या पहाटे दारावर थाप पडते, तेव्हा या आवाजाने डंकन जागा झाला तर किती बरे, असे मॅकबेथला वाटते. त्याला खेद झाला होता यात शंका नाही. परंतु दार उघडल्यावर तो काय करतो? आपल्यावर आळ येऊ नये म्हणून राजाच्या निरपराध सेवकांना ठार मारतो. पुढे बँकोचा खून. आणि त्यानंतर मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल, जिच्यापासून त्याला काडीचाही लाभ नव्हता. मध्यंतरी तो हिशेब करतो की, आपण रक्तात इतके आत आलो आहो की परतणे पलीकडे जाण्याइतकेच कष्टाचे. हा हिशेब खोटा आहे. पलीकडे किनारा नव्हताच. किनारा होता तो मागे.

मग त्याचा खेद फुकट का गेला? याचे उत्तर याच कवीच्या 'हॅम्लेट' नाटकात सापडते. भावाचा खून करून राजा झालेला क्लॉडियस प्रार्थनेला गुडघे टेकतो; पण मुकुट, महत्त्वाकांक्षा आणि भावाची राणी अजून आपल्याच हाती आहेत, हे त्याला कळते, आणि तो रिकाम्या हृदयाने उठतो. चोरीचा माल जवळ ठेवून मागितलेली क्षमा ही क्षमायाचना नव्हे. खेद आणि पश्चात्ताप यांतील भेद तो हाच.

परतीची वाट नव्हतीच, असे मात्र कवी म्हणत नाही. पहिल्याच अंकात त्याने ती दाखविली आहे, पण वाचकांचे तिकडे फारसे लक्ष जात नाही. कॉडरचा सरदार राजद्रोह करतो व त्याला देहान्त शासन होते. मरणापूर्वी तो आपला अपराध उघडपणे कबूल करतो, राजाची क्षमा मागतो व खोल पश्चात्ताप प्रकट करतो. त्याच्या साऱ्या आयुष्यात त्याचा शेवटच शोभून दिसला, असे राजपुत्र माल्कम सांगतो. त्याच कॉडरची पदवी राजा मॅकबेथला देतो. मॅकबेथने पदवी घेतली आणि द्रोहही घेतला. पश्चात्ताप तेवढा घेतला नाही.

शास्त्रातील दावीद राजाची कथा तुम्हांस ठाऊकच आहे. आपले पाप झाकण्यासाठी त्यानेही उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारविले. परंतु नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या कोकरीचा दाखला देऊन त्याला गाठले, तेव्हा त्याने संदेष्ट्याचे तोंड बंद केले नाही. स्वतःला दोषी म्हटले. त्यामुळे शिक्षा टळली नाही. मूल दगावले, घरात कलह माजला. पण दावीद देवापासून तुटला नाही.

मित्रहो, तुमच्यापुढे सिंहासने नाहीत. परीक्षेतील क्रमांक आहेत, बक्षिसे आहेत, वडिलांची शाबासकी आहे. त्यांची इच्छा अवश्य धरा. पण एखादे दिवशी उत्तर चोरून लिहिले गेले, तर घात तेवढ्याने पुरा होत नाही. तो पुरा होतो ते झाकण्यासाठी बोललेल्या दुसऱ्या खोट्याने, आणि शेजारच्या निरपराध मुलावर ढकललेल्या दोषाने. पहिल्या चुकीनंतर कोणी दार ठोठावील, शिक्षक असो वा आई असो, तेव्हा ते उघडा आणि खरे सांगा. शिक्षा होईल, ती सोसता येते.

मॅकबेथला मागे फिरता आले असते काय? होय, अगदी त्या पहाटेही. परंतु त्यासाठी मुकुट खाली ठेवावा लागला असता.