दोष दुसऱ्याचा, जबाबदारी आपली

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे आपली जुनी माणसे म्हणत. आज हा क्रम नेमका उलटला आहे. आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना तर पदवी म्हणजे नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद वाटतो. अर्ज परत येऊ लागले की कुणीतरी सुचवतो, ‘मग एखादे दुकान तरी टाक!’ या ‘तरी’मध्येच धंद्याविषयीची आपली सारी अनास्था दडलेली आहे. असे ‘तरी’ टाकलेले दुकान चालले नाही, तर सांगायला कारणे तयारच असतात. गावात पैसा नाही, गिऱ्हाईक मोठ्या दुकानात जाते, बँक दारात उभी करत नाही, सरकार रोज नवा नियम काढते.

ही कारणे खोटी असतात काय? नाही. २०१६ ची नोटाबंदी किंवा २०२० ची टाळेबंदी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ओढवून घेतली नव्हती. म्हणूनच प्रस्तुत लेखात एक भेद मांडायचा आहे. दोष आणि जबाबदारी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोषाचा प्रश्न असतो, ‘हे कुणामुळे झाले?’ जबाबदारीचा प्रश्न असतो, ‘आता मी काय करणार?’ पहिल्याचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यावर जाते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मालकालाच द्यावे लागते.

या दृष्टीने लक्ष्मणराव किर्लोस्करांचे (१८६९–१९५६) चरित्र पाहण्यासारखे आहे. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; पण काही रंग त्यांना ओळखू येत नाहीत असे आढळले आणि रंगचित्रकलेचा मार्ग बंद झाला. त्यांनी यांत्रिक रेखाटनाची कास धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली. त्यांनी नोकरी सोडली. बंधू रामुअण्णांसह बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता ते कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपायलाच सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे नगरपालिकेला जागा हवी म्हणून कारखाना हलवावा लागला.

यांतला एकही दोष त्यांचा नव्हता. डोळ्यांना, वरिष्ठांना, शेतकऱ्यांना आणि नगरपालिकेला नावे ठेवत जन्म काढता आला असता. त्यांनी प्रत्येक वेळी विचारले ते एवढेच, की आता हातात काय उरले आहे? मात्र त्यांनी सारे एकट्याने केले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. योग्य माणसाकडे योग्य वेळी मदत मागणे आणि तिचे चीज करणे, हाही जबाबदारीचाच भाग होय.

परंतु थोरांच्या गोष्टी वाचून आपण मान डोलावतो आणि विसरतो. मला हा भेद खरा कळला तो घरी. तालुक्याच्या गावी आमचे छोटे किराणा दुकान आहे. समोर मोठे दुकान निघाले आणि आमचा गल्ला हलका होत गेला. रात्री दुकान बंद करताना अण्णा, म्हणजे माझे वडील, समोरच्या झगमगाटाकडे पाहत आणि म्हणत, ‘याने आपल्याला खाल्ले.’ मलाही ते पटत असे. दुकान विकावे, असे घरात बोलणेही सुरू झाले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी उधारीच्या वह्या घेऊन बसले. अण्णांना ते रुचले नाही. ‘शिकलीस म्हणून बापाचा हिशेब तपासणार होय?’ ते म्हणाले. चार दिवसांनी बेरीज लागली. येणे होते ६१,००० रुपये. आणि त्यांतले निम्म्याहून अधिक समोरचे दुकान निघण्याच्या आधीचे! दुसरी गोष्ट त्याहून बोचरी होती. घरचे तेल-साखर, पाहुण्यांचा खर्च, माझी कॉलेजची फी, सारे गल्ल्यातूनच जात होते आणि त्याची नोंद कुठेही नव्हती. म्हणजे दुकान खाणाऱ्यांत मीही होते.

उधारीचे गणित साधे आहे. शंभराच्या विक्रीत दहा रुपये सुटतात असे धरू. ५०० रुपयांची उधारी बुडाली, तर त्यांतले ४५० रुपये ही मालाचीच किंमत असते. एवढी भरपाई व्हायला ४,५०० रुपयांची नवी विक्री हवी, तीही रोखीची. भाडे आणि वीजबिल त्यातून सुटतच नाही.

अण्णा त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वही घेऊन स्वतः घरोघर गेले. काहींनी पैसे दिले, काहींनी पुढच्या महिन्याचा वायदा केला; एका जुन्या स्नेह्याने तर आमच्याकडे येणेच सोडले. त्याचे अण्णांना अजून वाईट वाटते. आता उधारीला मर्यादा आहे आणि अण्णा दुकानातून दरमहा ठरावीक रक्कमच घरात देतात. आम्ही श्रीमंत झालो नाही. समोरचे दुकान अजून आहे, आमचेही आहे.

माहिती करून घेणे हेही मालकाचेच काम. माल तयार करून मोठ्या कंपनीला देणारे कितीतरी कारखानदार बिलाची वाट पाहत बुडतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार (२००६) नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास खरेदीदारावर व्याज चढते. पण आपली नोंदणीच नसेल, तर कायदा कपाटातच राहणार.

याचा अर्थ बुडणारा प्रत्येक धंदा मालकाच्या आळसाने बुडतो असा नव्हे. पुष्कळ कष्टाळू माणसेही हरतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. न चालणारा धंदा घर गहाण पडण्याआधी बंद करणे, हेही जबाबदारीचेच लक्षण आहे. परंतु कुणाला दोष द्यायचा ते ठरवण्यापूर्वी आपली वही एकदा पुरती वाचली पाहिजे. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, उद्या आपल्यापैकी कुणी दुकान काढले, तर ते ‘तरी’ म्हणून काढू नये. आणि ज्यांच्या घरी आजच दुकान आहे, त्यांनी या सुट्टीत उधारीची वही जरूर उघडावी.