पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर : एक डिझाइन प्रॉब्लेम

रिव्हॉल्व्हर म्हटलं की आपल्याला हिंदी पिक्चरमधला इन्स्पेक्टर आठवतो. पण अमेरिकेत रानात भटकणारे आणि नेमबाजीचा सराव करणारे बरेच लोक पॉइंट टू-टू बोअरचं छोटं रिव्हॉल्व्हर वापरतात. आयडाहो राज्यात राहणारा माझा मामेभाऊ ग्रीन कार्ड मिळाल्यावर असंच एक घ्यायच्या विचारात होता. तिथल्या डोंगरात रॅटलस्नेक असतात आणि दादाला ट्रेकिंगचं वेड. त्याने फोनवर विचारलं, "तू मेकॅनिकलवाला ना रे? सांग, कुठलं डिझाइन चांगलं?" वाचून जे समजलं ते इथे मांडतो. टीओएमचा कंटाळा असणाऱ्यांनी तर जरूर वाचावं!

१) रिमफायर म्हणजे काय?

मोठ्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असतो. रिमफायरमध्ये तो बुडाच्या कडेच्या घडीतच भरलेला असतो. फायरिंग पिनने कड चेपली की मसाला पेटतो. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ साली अशा काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. आज सर्रास वापरलं जाणारं पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ चं. एनसीसी कॅम्पला ज्यांनी पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे, त्यांनी ते हातात घेतलेलं असेल.

कड चेपली जावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो. पत्रा पातळ म्हणून दाबाला मर्यादा, आणि म्हणून ताकद कमी. गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३०० मीटर धरला तर ऊर्जा ११७ ज्यूल येते. साप, ससा यांना पुरे. अस्वलासमोर काही उपयोग नाही. पण काडतूस स्वस्त आणि धक्का कमी, त्यामुळे सरावाला उत्तम.

२) सिंगल अॅक्शन की डबल?

सिंगलमध्ये घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, ट्रिगर तो फक्त सोडतो. त्यामुळे ट्रिगर हलका. डबलमध्ये ट्रिगरच घोडा उचलतो आणि सिलिंडरही फिरवतो (आपलं रॅचेट आणि पॉल!). त्यात कड चेपायला ठोका जोरात लागतो, म्हणून स्प्रिंग कडक. ट्रिगर जड झाला की हात हलतो. हलकी स्प्रिंग बसवावी तर मिसफायर होतात.

३) नळी आणि वजन

पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर १०० मि.मी. असेल आणि साइट जुळवताना अर्धा मि.मी. फरक पडला, तर २५ मीटरवर गोळी १२५ मि.मी. बाजूला जाते. अंतर २०० मि.मी. केलं तर ६२.५. साधे सिमिलर ट्रँगल्स. म्हणजे सरावाला नळी लांब हवी.

पण सहा इंची स्टीलचं रिव्हॉल्व्हर सव्वा किलोच्या आसपास जातं, तर अॅल्युमिनियमचं आखूड मॉडेल साधारण एक तृतीयांश किलो. जड हत्यार हातात स्थिर राहतं, पण दिवसभर कमरेला नकोसं होतं. आणि गाडीत ठेवून दिलेलं रिव्हॉल्व्हर साप दिसल्यावर काय कामाचं?

४) सेफ्टी

रुगर कंपनीचं सिंगल-सिक्स १९५३ साली आलं. जुन्या मॉडेलमध्ये हत्यार घोड्यावर पडलं तर गोळी सुटू शकते, म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात. १९७३ पासून त्यात ट्रान्सफर बार आला. ट्रिगर दाबल्याशिवाय घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोहोचतच नाही. सेकंडहँड घेताना हे आधी बघायचं.

काहींबरोबर मॅग्नमसाठी दुसरा सिलिंडर मिळतो. त्यात साधं लाँग रायफल घालायचं नाही. ते सैल बसतं आणि केस फुटू शकते. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून गरम गॅस येतो, तिथे बोट नको. आवाज १४० डेसिबलच्या वर, म्हणून कानाला मफ हवेतच. आणि गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. टारगेटमागे मातीचा बांध नसेल तर सराव नाही.

मग निकाल काय?

मी दादाला सुचवलं : साडेपाच इंची नळी, सिंगल अॅक्शन, अॅडजस्टेबल साइट, ट्रान्सफर बार. वजन एक किलोच्या आसपास. काडतुसं एकेक करून भरावी लागतात, पण सरावाला घाई कशाला?

मात्र माझ्या तक्त्यात एक कॉलमच नव्हता, तो वहिनीने घातला. घरात सात वर्षांची मुलगी आहे. वहिनी म्हणाली, "आधी तिजोरी येईल, मग रिव्हॉल्व्हर. काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि दोघांनीही रेंजवर कोर्स करायचा." दादाने तिजोरीच आधी मागवली.

आपल्याकडे आर्म्स अॅक्ट १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय यातलं काही जमणार नाही, आणि ते बरंच आहे. पण याच बोअरच्या पिस्तुलाने राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्सला सुवर्ण आणलं आणि रायफलने स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ. दोघेही कोल्हापूरचे! ज्यांना खरंच आवड आहे त्यांनी रेंजवर जाऊन एअर पिस्तूलपासून सुरुवात करावी.

आणि डिझाइनच्या व्हायवाला "बेस्ट कुठलं?" असं विचारलं, तर आधी सरांनाच विचारा : "सर, कशासाठी आणि कुणाच्या घरात?"