केरीसाहेबांचा संसार

मिशनरी हा शब्द आपण ऐकलेला आहे. आपला देश सोडून परमुलखात ख्रिस्ती धर्म सांगायला जातो तो मिशनरी. त्यांनी काढलेल्या शाळा आणि दवाखाने आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत. पण ही माणसे बायकामुले घेऊन इथे आली, तेव्हा त्यांच्या संसाराचे काय झाले? खायचे काय, राहायचे कुठे, पोर आजारी पडले तर धावायचे कुणाकडे? अशाच एका कुटुंबाची हकिकत आपण आज वाचू. हे कुटुंब आले बंगालात. पण घरच्या कर्त्या माणसाचा आपल्या मराठीशीही संबंध आला. तो कसा, ते पुढे येईलच.

विल्यम केरी हे इंग्लंडातल्या एका खेड्यातले. जोडे शिवायचा धंदा. जोडे शिवता शिवता पुस्तक समोर ठेवून ते परक्या भाषा शिकले. पुढे शाळामास्तर झाले, पाद्री झाले. १७८१ साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा ते १९ वर्षांचे होते आणि बायको डोरोथी २५ वर्षांची. लग्नाच्या वहीत सही करायची वेळ आली, तेव्हा डोरोथीबाईंनी फुली मारली. आपल्याकडे अंगठा उठवतात तशी. त्यांना लिहिता येत नव्हते.

१७९३ साली केरींनी हिंदुस्थानात जायचे ठरवले. डोरोथीबाई म्हणाल्या, मी यायची नाही. आम्हांला तरी यात बाईंचे काही चुकले असे वाटत नाही. तीन मुलगे पदरात, चौथे पोटात. दोन मुली लहानपणीच गेलेल्या. आणि जायचे कुठे, तर समुद्रापलीकडे, परत येण्याची खात्री नाही अशा मुलखात. केरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता, म्हणून त्यांना जहाजावरून उतरावे लागले. तोपर्यंत बाई बाळंत झाल्या होत्या. केरी घरी आले, पुन्हा विचारले. या वेळी बाईंनी एक अट घातली. धाकटी बहीण किटी सोबत येत असेल तर येते. किटी कबूल झाली. जून महिन्यात ही मंडळी डेन्मार्कच्या जहाजात बसली. तान्हे पोर मांडीवर आणि पाच महिने पाण्यावर! ११ नोव्हेंबर १७९३ ला ते कलकत्त्यास उतरले.

जवळचा पैसा थोड्याच दिवसांत संपला. पैशाचा व्यवहार सोबतचे डॉक्टर टॉमस पाहत, आणि त्यांचा हात सैल. कलकत्ता महाग. घरे बदलता बदलता जीव मेटाकुटीला आला. शेवटी एका बंगाली सावकाराने माणिकतल्याच्या बागेतली लहानशी जागा बिनभाड्याने दिली. परक्या गावात पहिला आधार मिळाला तो असा.

बाई आणि फेलिक्स दोघेही आवेने अंथरुणाला खिळले. दूषित पाण्यातून आव होते आणि पाणी उकळून प्यावे, हे त्या काळी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. त्यातून खाण्याचे हाल. जन्मभर गव्हाची भाकरी खाल्लेल्या माणसाला रोज भातच. तुम्ही म्हणाल, भाताला काय झाले? पण आपल्या देशावरचा माणूस कोकणात गेला की चार दिवसांत ज्वारीची भाकरी आठवू लागतो. इथे तर देशच वेगळा, भाषाही कळेना. दोघी बहिणी केरींना बोल लावीत. केरींनी रोजनिशीत त्याबद्दल तक्रार लिहिली आहे. तेव्हा ती वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की ही एकाच बाजूची हकिकत आहे. बाईंचे म्हणणे आपल्याला कळते ते नवऱ्याच्या आणि सोबत्यांच्या लिहिण्यातून.

१७९४ च्या फेब्रुवारीत सगळे होडीतून सुंदरबनाच्या बाजूला देबहाट्याला गेले. शिधा संपत आला होता. तिथे कंपनीच्या मिठाच्या खात्यातले शॉर्ट नावाचे एक साहेब राहत. ओळख ना देख, तरी त्यांनी सगळ्या कुटुंबाला बंगल्यात ठेवून घेतले. केरी रान तोडून घर बांधू लागले. भोवती वाघांचे भय. इतक्यात मालद्याकडे मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर देखरेखीचे काम मिळाले. पगार महिना २०० रुपये. पोटाची चिंता मिटली. पण किटीचे शॉर्टसाहेबांशी जमले होते, ती मागेच राहिली. ज्या अटीवर डोरोथीबाई आल्या होत्या, ती अट अशी वर्षभरातच मोडली.

मदनाबाटीला घर होते, अन्न होते. केरी मुनशीजवळ बंगाली शिकत होते. आणि ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर तापाने गेला.

पुढचे लिहायला हात जड होतो. कारखान्यावर दोनतीनशे मजूर होते, कायम कामाला दोन सुतार होते. पण पेटी करायला कोणी धजेना, जातीचा धाक. चार मुसलमानांनी मिळून खड्डा खणला. मग प्रेत उचलायला माणूस मिळेना. सातआठ मैलांवर माणसे धाडली, तरी कोणी नाही. आपण दोघे नवराबायकोच पोराला नेऊ, असे केरींनी ठरवले. तेव्हा घरचा भंगी आणि जातीबाहेर पडलेला एक पोऱ्या, हे दोघे पुढे आले. त्यांनी पीटरला नेऊन पुरले. इकडे खड्डा खणणाऱ्या चौघांना गावच्या मुख्याने वाळीत टाकले. त्यांच्याबरोबर खायचे नाही, तंबाखू ओढायची नाही. केरींनी शिपाई पाठवून मुख्याला बोलावून घेतले आणि त्या चौघांबरोबर जेवायला लावले.

या घावातून बाई सावरल्या नाहीत. १७९५ पासून त्यांचे मन बिघडले. नवऱ्यावर भलताच संशय घेत, रस्त्यात मागे लागत, अंगावर धावून जात. त्या अवस्थेतच १७९६ साली आणखी एक मुलगा झाला. आज अशा दुखण्याला औषध आहे, डॉक्टर आहेत. तेव्हा खोलीत बंद करून ठेवण्यापलीकडे काही सुचले नाही.

१८०० च्या जानेवारीत कुटुंब कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला आले. तिथे डेन्मार्कचा अंमल होता, कंपनीचा धाक नव्हता. वॉर्ड आणि मार्शमन हे सोबती येऊन मिळाले. सगळ्यांनी एकत्र कुटुंब मांडले. स्वयंपाक एक, पंगत एक, मिळकत एका पेटीत. घर चालवायची पाळी महिन्यामहिन्याने बदले. शनिवारी रात्री बसून आठवड्यातली भांडणे मिटवायची. आपल्या एकत्र कुटुंबांनी ही शनिवारची बैठक जरूर उचलावी! मार्शमनबाईंनी शाळा काढली, वॉर्ड छापखाना बघत. केरींची मुले कामात बुडालेल्या बापामुळे मोकाट सुटली होती. त्यांना वॉर्ड आणि मार्शमनबाई यांनी हाताशी धरले. फेलिक्स छापखान्यात तयार झाला आणि पुढे त्याने शरीररचनेवर बंगालीत पुस्तक लिहिले.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी देशी भाषा शिकवू लागले. त्यांत मराठीही होती. कॉलेजातले मराठी पंडित वैजनाथ यांच्या साह्याने त्यांनी मराठीचे व्याकरण तयार केले. ते १८०५ साली श्रीरामपूरला छापून निघाले. ही कामे घरी बसून चालत, तेव्हा शेजारच्या खोलीत डोरोथीबाई कल्लोळ करीत असत. वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, असे लोकांनी सुचवले. केरींनी ऐकले नाही.

बाई ८ डिसेंबर १८०७ ला तापाने वारल्या. परत इंग्लंड त्यांनी पाहिले नाही. केरींचा मराठी शब्दकोश मोडी टाइपात १८१० साली बाहेर पडला.