यारी, भार आणि माणूस : बांधकामावरील क्रेनची सुरक्षितता

पनवेल हे कोकणच्या वाटेवरील जुने बाजारपेठेचे गाव. येथे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर भातखाचरांच्या व खाडीच्या या परिसरात नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. आज गाढी नदीच्या पुलावरून नजर टाकली, तर प्रबळगडाच्या पार्श्वभूमीवर इमारतींच्या डोक्यावर फिरणारे क्रेनचे लांब हात प्रथम डोळ्यांत भरतात.

क्रेनला मराठीत 'यारी' हा शब्द आहे. बंदरातील माल चढविण्या-उतरविण्याच्या कामी तो पूर्वापार वापरात होता. आज हीच यारी गावोगावी पोहोचली आहे. पाण्याची टाकी, साकव, शाळेची इमारत, विजेचा खांब अशा साध्या कामांवरही 'हायड्रा' नावाने ओळखली जाणारी फिरती क्रेन दिसते. त्यामुळे तिची सुरक्षितता हा केवळ अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही. क्रेनच्या अपघाताची बातमी आली, की 'यंत्र अचानक कोसळले' असे म्हटले जाते. परंतु बहुतेक वेळी अपघाताची कारणे भार जमिनीवरून सुटण्यापूर्वीच जमा झालेली असतात आणि म्हणूनच ती आधी ओळखता येतात.

सरळांबे येथील दुर्घटना

पनवेलच्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना भीषण दुर्घटना घडली. पुलाच्या दोन खांबांमध्ये तुळया बसविणारे गर्डर लाँचर हे अजस्र यंत्र तुळईसह शंभर फुटांहून अधिक उंचीवरून खाली कोसळले. वीस जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत अभियंते होते, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, तामिळनाडू अशा दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले कामगारही होते. पुढे ५ जून २०२५ रोजी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. आज त्या मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला या वीस जणांची आठवण होतेच असे नाही.

प्रत्येक मोठ्या कामापूर्वी विचारले जावेत असे प्रश्न या घटनेने समोर ठेवले आहेत. यंत्र हलविताना त्याच्यावर व खाली नेमकी किती माणसे असणे आवश्यक आहे? रात्रीच्या पाळीत थकवा आणि अपुरा उजेड यांचा विचार झाला आहे काय? एखाद्याला धोका दिसला, तर काम थांबविण्याचा अधिकार कोणाला आहे?

तोलाचे गणित

'ही क्रेन बारा टनांची आहे' असे आपण सहज म्हणतो. हे वाक्य अर्धवट आहे. बारा टन ही क्षमता भार क्रेनच्या अगदी जवळ असतानाची असते. समजा, एक क्रेन ३ मीटर अंतरावर १२ टन उचलू शकते. भार आणि अंतर यांचा गुणाकार ३६ होतो. तोच भार ९ मीटर अंतरावर न्यायचा झाल्यास, केवळ तोलाच्या हिशेबाने पाहिले तरी, क्षमता ४ टनांवर येते. प्रत्यक्षात क्रेनचा हात जसा लांबतो, तशी ही क्षमता त्याहूनही कमी होऊ शकते. म्हणूनच प्रत्येक क्रेनबरोबर निर्मात्याचा भारतक्ता असतो आणि तो चालकाच्या समोर असावा लागतो. शिक्षकांना हा पाठ फूटपट्टी, पेन्सिल आणि काही नाणी घेऊन वर्गातच दाखविता येईल. पट्टीच्या टोकावरील एक नाणे टेकूजवळच्या तीन नाण्यांना कसे उचलते, हे मुले विसरणार नाहीत.

दुसरी गोष्ट जमिनीची. भारतक्त्यातील आकडे टणक व सपाट जमीन गृहीत धरून दिलेले असतात. पनवेल परिसरात खाडीकाठची मऊ माती, नुकताच टाकलेला भराव आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. काल टणक वाटलेली जागा एका रात्रीच्या पावसाने खचू शकते. यासाठी क्रेनचे आधारपाय पूर्ण बाहेर काढून त्यांखाली रुंद लाकडी स्लीपर अथवा पोलादी पत्रे घालणे, तसेच गटार, जलवाहिनी व खणलेल्या चराच्या कडेपासून दूर राहणे अगत्याचे आहे.

तिसरा शत्रू वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १४ जुलै १९९९ रोजी क्रीडागृहाच्या छताचा चारशे टनांहून अधिक वजनाचा भाग उचलताना प्रचंड क्रेन कोसळून तीन कामगार ठार झाले. क्रेनवर वाऱ्याचा किती जोर येईल याचा हिशेब झाला होता. मात्र छताचा तो विस्तीर्ण भाग शिडासारखा वारा धरील, याचा हिशेब झाला नव्हता. मक्केत ११ सप्टेंबर २०१५ रोजी वादळात क्रेन कोसळून शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. काम बंद असतानाही त्या क्रेनचा हात उंचावलेलाच ठेवण्यात आला होता. काम संपल्यावर यंत्र कोणत्या स्थितीत ठेवावे, हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, हा त्यातील धडा होय.

चौथा धोका विजेच्या तारांचा. क्रेनचा हात तारेला टेकला, तर भार धरून उभा असलेला कामगार प्रथम बळी पडतो. अमेरिकेच्या नियमांत ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून किमान १० फूट अंतर सांगितले आहे. आपल्याकडे तारांजवळ काम करावयाचे झाल्यास वीज कंपनीला आधी कळवून पुरवठा बंद करून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

कायदा आणि कागद

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत भार उचलणाऱ्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी आणि पाच वर्षांतून एकदा चाचणी सांगितली होती. हा कायदा आता नव्या कामगार संहितांमध्ये समाविष्ट झाला असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. व्यावसायिक सुरक्षितता संहितेनुसार गंभीर इजेचा वा मृत्यूचा धोका वाटल्यास कामगार ती गोष्ट मालकाच्या व निरीक्षकाच्या निदर्शनास आणू शकतो, आणि मालकाने तात्काळ उपाय योजणे बंधनकारक आहे. रोजंदारीवरील परप्रांतीय कामगाराला हे त्याच्या भाषेत सांगितले गेले, तरच या तरतुदीला अर्थ येईल.

आपण काय करावे?

पंचायत सदस्यांनी गावात क्रेन येताच चार प्रश्न विचारावेत. तपासणीचा दाखला आहे काय? चालक प्रशिक्षित आहे काय? इशारे देणारा माणूस एकच व ठरलेला आहे काय? भाराच्या फिरण्याची जागा दोर लावून बंद केली आहे काय? शाळेजवळ काम असल्यास भार उचलण्याची वेळ शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळेशी जुळू नये, हे मुख्याध्यापकांनी ठेकेदाराशी बोलून ठरवावे. कामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी मुदतीचा तगादा लावताना वारा-पावसाने थांबलेले तास मुदतीतून वजा धरावेत. पुष्कळदा घाई मुकादमाची दिसत असली, तरी तिचे मूळ कागदावरील तारखेत असते.

आणखी एक कर्तव्य अपघातापूर्वीचेच आहे. गेल्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या, १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. नोंदित कामगाराचा कामावर असताना मृत्यू झाल्यास त्याच्या वारसांना ५ लाख रुपयांचे अर्थसाह्य देण्याची मंडळाची योजना आहे. नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला ग्रामपंचायत स्तरावरही मिळतो. तो दाखला वेळेवर न मिळाल्याने नोंदणी राहून गेली, तर दूरच्या खेड्यातील एक घर या आधाराला मुकते.

यारीने माणसाच्या पाठीवरील ओझे उचलले, ही तिची थोरवी. तिच्या छायेत काम करणारा प्रत्येक जण संध्याकाळी सुखरूप घरी परतावा, याची व्यवस्था यंत्र करू शकत नाही. ती सकाळी, पहिला भार उचलण्यापूर्वी, माणसांनीच करावयाची असते.