रंगाचा अदमास

पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यात आळे हे गाव आहे. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी येथे आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. चैत्रात या समाधीची यात्रा भरते.

समजा, या गावातील एका शाळेने यात्रेपूर्वी सातवीच्या वर्गाची खोली आतून रंगविण्याचे ठरविले. गावकऱ्यांनी वर्गणी दिली. कोणी मजुरीतले पन्नास रुपये दिले, तर कोणी कांद्याच्या पट्टीतून शंभर काढून दिले. आता प्रश्न उरला एकच, रंग किती आणावयाचा?

"वीस लिटरची बादलीच आणावी. उरला तर उरला!" एक मुलगा म्हणाला.

"उरलेला रंग म्हणजे कोणाची तरी वर्गणी. ती डब्यात वाळू द्यावयाची काय?" गुरुजींनी विचारले.

"मग थोडाच आणू. कमी पडला तर पुन्हा आणता येईल," दुसरा म्हणाला.

"मागाहून आणलेल्या रंगाची छटा पहिल्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. ठिगळ लावलेल्या सदऱ्यासारखी भिंत दिसेल. मुलांनो, अंदाज बांधा. पण तो मोजून बांधा."

मुलांनी फीत घेतली. खोलीची लांबी ६ मीटर, रुंदी ५ मीटर आणि उंची ३ मीटर भरली. एकाने घाईघाईने ६ गुणिले ५ असे ३० चौरस मीटर फळ्यावर मांडले. तेव्हा एक मुलगी हसून म्हणाली, "हे तर फरशीचे क्षेत्रफळ झाले! रंग भिंतींना द्यावयाचा आहे."

तिने खोलीभोवती एक फेरी घातली. ६, ५, ६ आणि ५ मिळून २२ मीटर झाले. चारही भिंती उलगडून एका ओळीत मांडल्या, तर २२ मीटर लांब व ३ मीटर उंच असा एक पट्टा होईल. त्याचे क्षेत्रफळ ६६ चौरस मीटर. त्यातून दाराचे २, चार खिडक्यांचे ६ आणि फळ्याचे ३, असे ११ चौरस मीटर वजा केले. उरले ५५. रंगाचे दोन हात द्यावयाचे होते; म्हणून ५५ ची दुप्पट ११० झाली. एका हाताला १ लिटर रंग १० चौरस मीटरांना पुरतो, असे डब्यावर छापलेले होते. उत्तर आले ११ लिटर. मुलांना आनंद झाला.

एवढ्यात रंगारी आला. त्याने हिशेब ऐकला आणि काही न बोलता पश्चिमेच्या भिंतीवरून तळहात फिरविला. हात चुन्याने पांढरा झाला.

"मुलांनो, गणित बरोबर आहे, पण डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. ही भिंत पावसाळ्यात ओल खाते. हिचा गिलावा खडबडीत आहे. ही तहानलेली आहे."

"मग काय करावे, काका?"

"जुना चुना खरवडा, भेगा लांबीने भरा, अस्तराचा एक हात द्या. तहान पुष्कळशी भागेल. मग १ लिटर रंग आणून याच भिंतीवर लावून पाहा."

मुलांनी तसे केले. तो १ लिटर ३ मीटर लांब व ३ मीटर उंच, म्हणजे ९ चौरस मीटर भागावर संपला. ११० ला ९ ने भागले, तेव्हा १२ लिटरांहून थोडे अधिक उत्तर आले. म्हणून एकूण १३ लिटर रंग ठरला. एक डबा वापरला गेला होता. आता १० लिटरचा एक व १ लिटरचे दोन डबे आणले. रंगाऱ्याने तिन्ही डबे एका मोठ्या भांड्यात ओतून ढवळले, त्यामुळे छटा सर्वत्र सारखी आली. थोडा रंग उरला. तो घट्ट झाकण लावून, खिळ्यांचे व्रण बुजविण्यासाठी ठेवला. शिल्लक पैशांचा हिशेब फळ्यावर लिहिला गेला.

असा अदमास बांधण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती' हा गणितग्रंथ रचला. त्यात विटांची रास कशी मोजावी, धान्याच्या ढिगाचे माप कसे काढावे, हे सांगितले आहे. लाकूड कापण्याचे काम मोजताना कापाचे क्षेत्रफळ काढून त्याला कापांच्या संख्येने गुणावे, असेही तेथे सांगितले आहे. मुलांनी भिंतींच्या क्षेत्रफळाला रंगाच्या हातांनी गुणले, ते याच रीतीने.

केवळ डोळ्यांनी पाहून सांगितलेला आकडा फसवितो, आणि भिंतीला हात न लावता केलेले गणितही फसविते. माप आणि अनुभव एकत्र आले, म्हणजे अदमास खरा ठरतो. पैसा दहा जणांचा असेल, तर असा अदमास बांधणे हे कर्तव्यच होय.

स्वाध्याय

१. मुलाने मांडलेले ३० चौरस मीटर हे उत्तर का चुकले?
२. रंगाऱ्याने भिंतीवरून हात का फिरविला?
३. 'भिंत तहानलेली आहे' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या वर्गाच्या भिंती मोजा आणि दोन हातांसाठी किती रंग लागेल ते काढा.