गाडीच्या एसीत घरच्या घरी गॅस?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या हॅचबॅकचा एसी यंदा नीट गार करत नाही. गॅरेजवाला म्हणतो, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ गॅसचा डबा, नळी आणि गेज असा संच ऑनलाइन मिळतो, व्हिडिओत तर दहा मिनिटांत काम होतं. मग घरीच का भरू नये? – एक वाचक, नाशिक

उत्तर : भरता येतो, नळी जोडायला फारसं कसब लागत नाही. पण गॅस गेला कुठे आणि आता भरायचा किती, हे तो संच सांगत नाही.

एसीतला गॅस जळत नाही की खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून त्याचा द्रव होतो आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होताना तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला यंदा कमी पडला, तर गळती आहे असंच समजा. ती तशीच ठेवून वरून डबा ओतला, तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा डबा. (गाडीखाली टपकणारं पाणी मात्र गळती नव्हे. थंड कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं, ते गळतं.)

शिवाय गॅस पुरेसा असूनही गारवा जातो. केबिन फिल्टर चोंदलेला असतो, कंडेन्सरवर माती बसलेली असते. हायवेवर एसी गार आणि सिग्नलला थांबलं की कोमट, असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते बघा.

आता गेज. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरची ज्योत जवळजवळ शेवटपर्यंत सारखीच असते, म्हणून किती उरलंय हे वजनावरूनच कळतं. इथेही तेच. आत थोडा जरी द्रव असला, तरी दाब ठरतो तापमानावरून. इंजिन बंद असताना 30 अंश सेल्सिअसला आर-134ए गॅसचा दाब सुमारे 97 पीएसआय दिसेल, मग आत 450 ग्रॅम असो की 250. एसी चालू केल्यावर दाब बदलतो, पण तो बाहेरचं ऊन, इंजिनाचा वेग आणि पंखा यांवरही हलतो. त्यात साध्या संचातलं गेज फक्त कमी दाबाची बाजू दाखवतं. काटा हिरव्या पट्ट्यात आला, यावरून गॅस मोजून पडला असं ठरत नाही.

जास्त पडला तर? कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, वाफेला निवायला जागा उरत नाही, पुढचा दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो. उत्साही माणूस तेव्हा म्हणतो, अजून थोडा टाकू! मग प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो, किंवा कॉम्प्रेसरच मान टाकतो.

नळीतली हवा आत गेली तरी दाब वाढतो. तिच्यातला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठतो आणि पुढे आतले भाग गंजवतो. म्हणून बरं गॅरेज आधी गळती शोधतं, उरलेला गॅस यंत्रात काढून घेतं, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करतं आणि मग ग्रॅममध्ये मोजून भरतं. तुमचा गॅरेजवाला यातलं काही न करता थेट नळी लावणार असेल, तर त्याच्यात आणि व्हिडिओत फरक फक्त बिलाचा!

तरीही करायचंच असेल, तर जोडणी फक्त जाड पाइपवरच्या ‘एल’ लिहिलेल्या टोपीखाली करायची. उच्च दाबाच्या बाजूला डबा लावला तर तो फुटू शकतो. डबा उभाच धरायचा. उलटा केला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. हा द्रव उघड्यावर उणे 26 अंशांना उकळतो, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. मुद्दाम हवेत सोडू नका, वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त आहे. गळती बुजवणारं मिश्रण असलेला डबा घेऊ नका. ते पुढे गॅरेजच्या यंत्रात अडकतं.

पण खरेदीआधी बॉनेट उघडून आतला स्टिकर वाचा. गॅसचा प्रकार आणि वजन तिथेच लिहिलेलं असतं. त्यावर आर-1234वायएफ असेल, तर 134ए चा डबा तुमच्या गाडीसाठी नाहीच.