निवासमंडपाच्या फळ्या आणि वस्तीवरची खोली

अभ्यासासाठी वाचन : निर्गम 26:15-30, गणना 7:1-9



निर्गमाचा 26 वा अध्याय आपण बहुधा घाईने वाचतो. नुसती मापेच मापे! एकदा तो सुताराच्या नजरेने वाचा. बाभळीच्या 48 फळ्या, सगळ्या एकाच मापाच्या, दहा हात लांब आणि दीड हात रुंद. प्रत्येकीला दोन कुसे, खाली चांदीच्या दोन बैठका, आडवे अडसर. फळ्यांना खिळे ठोकल्याचा उल्लेख नाही. मुक्काम हलला की मंडप सुटा व्हायचा आणि पुढे तोच पुन्हा उभा राहायचा.

आज आदिवासी वस्तीवर बालवाडीची खोली हवी म्हटले की कारखान्यात तयार केलेल्या भागांची, म्हणजे प्रीफॅब खोली सुचवली जाते. काम लवकर होते, जागेवर पाणी व वाळू कमी लागते, नासाडी टळते. हे खरे आहे. पण ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द ऐकून देणगी देण्याआधी थोडे थांबावे. दोन पत्र्यांमध्ये फोम चिकटवलेली भिंत ऊन अडवते, पण निकामी झाल्यावर पत्रा आणि फोम वेगळे करणे कठीण. एकेरी पत्र्याच्या खोलीत तर मे महिन्यातल्या 45 अंशांत लेकरांना बसवायचे कसे? आणि जड काँक्रीटचे भाग उतरवायला क्रेन लागते. ती पाड्यावर पोहोचेलच असे नाही.

खापरखेड्याला राहणाऱ्यांना राखेबद्दल वेगळे सांगायला नको. येथील वीज केंद्र 1340 मेगावॅटचे आहे. जुलै 2022 मध्ये शेजारच्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत शिरली. हीच राख चुना किंवा सिमेंट आणि वाळूत मिसळून विटा होतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, शेताची सुपीक मातीही वाचते. जवळच्या वस्तीसाठी हे साहित्य चांगले. दूर मेळघाटात ट्रकभर विटा नेल्या तर डिझेलचाही हिशेब धरावा लागेल.

तिकडे कोरकू आणि गोंड घरांत बांबूचा कूड विणून खांबांना बांधतात, मग मातीने लिंपतात. एक बाजू कुजली तर तेवढीच बदलायची. सुट्या भागांचे घर आपण त्यांना काय शिकवणार? लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने तर बांबूकामातून तेथील तरुणांच्या हाताला काम दिले. भिंतीला राखेची वीट की बांबूचा कूड, हे वस्तीवरच्या लोकांना विचारूनच ठरवावे, असे मला वाटते.

गणना 7:8 मध्ये मरारीच्या वंशजांना चार गाड्या व आठ बैल मिळाले. फळ्या आणि बैठका वाहण्याचे काम त्यांचेच होते. पुढील अभ्यासवर्गाला येताना तीन गोष्टींचा विचार करून यावे. आपल्या खोलीचे भाग वस्तीपर्यंत कशाने जातील? एक भाग मोडला तर गावातला कोण तो बदलील? आणि वस्ती हलली तर त्यातले काय सोबत नेता येईल?